सदुसष्टावा मणी

रात्री कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस उभी असते. गवळी गुडघ्यांत चरवी धरून धार काढतो, फेस काठावर येईपर्यंत पेला भरतो आणि गिऱ्हाइकापुढे करतो. पंढरपुरी म्हशीचा हा खास गुण आहे. ती पान्हा एकदम मोकळा करत नाही. दिवसातून कितीतरी वेळा, थोडा थोडा, ओळखीच्या हाताला देते. म्हणून तर तिला चौकात उभी करून धंदा करता येतो. त्या पेल्याला ना झाकण, ना चिठ्ठी. तेच कोल्हापूर हल्ली दुकानात काचेची बाटली उचलते, तिच्यावरचे ‘ए२’ हे अक्षर वाचते आणि साध्या दुधाहून कितीतरी जास्त पैसे मुकाट्याने मोजते. आता गंमत पाहा. कट्ट्यावरच्या त्या म्हशीचे दूध जन्मजात ए२च असते. भारतातल्या म्हशींत आणि वशिंड असलेल्या देशी गाईंत बीटा-केसीन या प्रथिनाचे हेच रूप जवळजवळ सर्वत्र आढळते, हे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेतल्या संशोधकांनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच तपासून ठेवले आहे. म्हणजे ज्या जिल्ह्याने पिढ्यानपिढ्या म्हशीच्या दुधावर तालमी पोसल्या, त्यालाच घरचा माल वेष्टणात गुंडाळून परत विकला जातो आहे.

पण वेष्टणाची टिंगल केल्याने आतला दावा खोटा ठरत नाही. तेव्हा आधी पूर्वपक्ष नीट मांडू. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा बीटा-केसीनचा. ही २०९ अमिनो आम्लांची माळ आहे. तिच्या सदुसष्टाव्या जागी प्रोलीन असले तर ते ए२, हिस्टिडीन असले तर ए१. बाकीची माळ तीच. प्रोलीनपाशी पचनरसांची कात्री अडते, हिस्टिडीनपाशी सहज चालते. ती चालली की सात मण्यांचा एक तुकडा सुटतो, त्याचे नाव बीटा-कॅसोमॉर्फिन-७. नावातच मॉर्फिन आहे आणि ते उगाच नाही: पेशींवरच्या ज्या जागी अफूतली द्रव्ये चिकटतात, तिथेच हा तुकडाही, दुबळेपणाने का होईना, चिकटतो. इथवर सगळे खरे आहे, प्रयोगशाळेत दाखवलेले आहे. वाद सुरू होतो तो पुढच्या उडीपाशी. कोल्हापुरी साजातले एक पान बदलले तर सोनार ते नजरेने ओळखतो. पण साज घालणारीची तब्येत त्यामुळे बिघडली असे म्हणायचे, तर सोनाराची नजर पुरत नाही.

ती उडी पहिल्यांदा घेतली गेली न्यूझीलंडमध्ये. १९९९ मध्ये तिथल्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांचे आकडे शेजारी ठेवले आणि जिथे ए१ जास्त प्यायले जाते तिथे मुलांतला मधुमेह जास्त दिसतो, असे मांडले. पाठोपाठ हृदयविकाराबद्दलही तसेच लिहिले गेले. २००० मध्ये तिथेच ए२ दूध विकणारी कंपनी उभी राहिली. देशांचे आकडे शेजारी ठेवण्यात काही गैर नाही, संशोधनाचा धागा असाच हाती लागतो. पण धागा म्हणजे लुगडे नव्हे. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा जास्त आणि पैलवानही जास्त, एवढ्यावरून रश्श्याने पैलवान होतो असे खासबागेच्या कुस्ती मैदानात कोणी म्हणणार नाही. एकेका माणसाने काय प्यायले आणि त्याला पुढे काय झाले, हे त्या आकड्यांत नव्हते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये तोवरचा सगळा पुरावा चाळला आणि हा तुकडा पोटात गेल्याने असंसर्गजन्य आजार होतात असा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निर्वाळा दिला. आपल्याकडच्या जाहिरातींत ‘ए२ म्हणजे देशी’ हे समीकरण तर इतके रुजले आहे, की न्यूझीलंडच्या त्या कंपनीचे दूध तिकडच्याच गोऱ्या, बिनवशिंडाच्या, जनुकचाचणी करून निवडलेल्या गाईंचे असते हे सांगितले तर लोकांना थट्टा वाटते. देशी गाय बहुधा ए२ असते हे खरे; ए२ गाय देशीच असते हे खोटे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो पोटाकडून. ‘आकडे राहू द्या, आम्हाला ए२ने पोट फुगत नाही, त्याचे काय?’ हा आक्षेप झटकून टाकू नये. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात ४१ जणांवर आणि २०१६ मध्ये चीनमध्ये ४५ जणांवर प्रयोग झाले. ए१ असलेल्या दुधाने काही जणांचे पोट अधिक बिघडले, असे त्यांत दिसले. दोन्हींचा खर्च ए२ विकणाऱ्या कंपनीने केला होता. तेवढ्याने निष्कर्ष खोटा होत नाही, पण त्रयस्थाने आणि मोठ्या प्रमाणावर तो पुन्हा तपासायला हवा एवढे नक्की होते. शिवाय दुधाने पोट फुगण्याचे एक जुने, भक्कम कारण समोर असताना नवे शोधायला निघायचे का, हाही प्रश्न आहे. ते कारण म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज. बालपणानंतरही ती पचवू देणारे जनुकाचे रूप भारतात वायव्येकडे जास्त आढळते आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे सरकावे तसे विरळ होत जाते. ए१ असो वा ए२, गाय असो वा म्हैस, लॅक्टोज सगळ्यांत असते. ज्याला पेलाभर दूध सोसत नाही पण वाटीभर दही सोसते, त्याने आपले निदान निम्मे केलेलेच असते: विरजणाने साखरेचा काही भाग खाऊन टाकला, केसीन मात्र दह्यातही आहेच. आणखी एक गोष्ट. बीटा-कॅसोमॉर्फिन तोडणारे डीपीपी-४ नावाचे विकर आपल्या आतड्यात आणि रक्तात असते. मधुमेहाच्या ‘ग्लिप्टिन’ गटातल्या गोळ्या नेमके हेच विकर दाबून ठेवतात आणि देशात असंख्य लोक त्या रोज घेतात. हा तुकडा सांगितला जातो तितका घातक असता, तर त्याची पहिली झळ या मंडळींना बसायला हवी होती. हा शेवटचा पुरावा नव्हे, हे मान्य. पण ए२वाल्यांनी उत्तर द्यावे असा हा प्रश्न आहे.

‘ए२ तूप’ हा तर विनोदाचा प्रांत. ए१ आणि ए२ हा भेद प्रथिनाचा. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्ध पदार्थ. लोणी कढवताना प्रथिने बेरीच्या रूपाने तळाशी बसतात आणि आपण ती गाळून टाकतो. म्हणजे ए२ काही असलेच तर ते गाळणीवरच्या बेरीत गेले, बरणीत नाही. (बेरी साखर घालून खाणारी पोरे या हिशेबाने घरातली सगळ्यात शहाणी!) भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २१ ऑगस्ट २०२४ रोजी हाच मुद्दा धरून दूध, तूप, दही यांच्या वेष्टणांवरून ए१-ए२चे दावे काढायला सांगितले आणि २६ ऑगस्टला, अधिक सल्लामसलत करायची म्हणून, आदेश मागे घेतला. पाच दिवसांत बेरीचे रसायनशास्त्र बदलले नव्हते. पुढे ३० सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. देशी गाईच्या मानाबद्दल इथे तक्रार नाही. तक्रार तिच्या बाजूने लढणाऱ्यांच्या वकिलीबद्दल आहे. उन्हात तग धरणे, गोचिडांना दाद न देणे, कमी चाऱ्यावर निभावणे, खिलारासारखे बैल देणे, हे तिचे हक्काचे, तपासून घ्यावेत असे गुण आहेत. ते सोडून तिची सगळी भिस्त एका मण्यावर ठेवली, तर उद्या इथेही कोणी जर्सीतून ए२ची निवड करून दाखवली की दावा निकालात.

मग दुधातल्या रेणूंचा विचारच सोडून द्यायचा काय? उलट, तो नीट करायचा असेल तर नजर बाटलीवरून काढून गोठ्याच्या कोपऱ्याकडे न्यावी लागेल. तिथे सरकी पेंडेचे पोते असते. राधानगरी-गगनबावड्याच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कोरडी जागा म्हणजे चैन. दमट हवेत पेंड घट्ट होते, ढेकळे धरते, फोडली की आत हिरवट-पिवळी पूड आणि कुबट वास. ती बुरशी अ‍ॅस्परजिलस जातीची असू शकते आणि ती अफ्लाटॉक्सिन बी१ हे विष तयार करते. जनावराने ते खाल्ले की त्याच्या यकृतात त्यातल्या काही भागाचे एम१ होते आणि शेकडा एक-दोन, भरपूर दूध देणाऱ्या जनावरात कधी सहापर्यंत, इतक्या प्रमाणात दुधात उतरते. ते उकळल्याने जात नाही, पाश्चरायझेशनने जात नाही. केसीनलाच धरून राहते, म्हणून पनीर आणि चक्क्यात उलट दाटते. या विषाचा शोध १९६० मध्ये सुरू झाला, इंग्लंडात भुईमुगाची बुरसटलेली पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की कोंबडे मेले तेव्हा. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभरावर माणसे गेली.

आता दोन्ही दावे शेजारी ठेवू. ए२चा दावा सदुसष्टाव्या जागेवरच्या एका मण्याचा. अफ्लाटॉक्सिनची गोष्टही एका मण्याशीच येऊन थांबते. हे विष यकृतात सक्रिय झाले की डीएनएमधल्या ग्वानीनला चिकटते. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पी-५३ नावाचे प्रथिन आहे. त्याच्या २४९व्या जागी अर्जिनीनच्या ऐवजी सेरीन बसलेले १९९१ मध्ये चीनमधल्या चिडोंग भागातल्या आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या अनेक रुग्णांच्या यकृताच्या गाठींत सापडले. बदल एकाच अक्षराचा. पण इथे माळ, विष आणि गाठ यांना जोडणारा धागा सलग हाती येतो. शांघायमध्ये १८ हजारांहून अधिक पुरुषांच्या लघवीचे नमुने आधी घेऊन ठेवले आणि पुढे कोणाला यकृताचा कर्करोग होतो ते पाहिले. ज्यांच्या नमुन्यांत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या त्यांच्यात तो अधिक झाला, आणि कावीळ-बी सोबत असलेल्यांत कितीतरी पटींनी अधिक. एकीकडे ४१ आणि ४५ माणसांचे काही दिवसांचे पोट, दुसरीकडे हे. मग भीतीने कुठे बसायचे ते पुराव्याच्या वजनाने ठरावे, वेष्टणाच्या चकाकीने नव्हे.

इथेही प्रतिपक्षाला बोलू द्यावे. एम१ची कर्करोगकारक ताकद बी१च्या सुमारे दशांश आहे, आणि शांघायच्या माणसांनी विष मुख्यतः धान्यातून खाल्ले होते, दुधातून नव्हे. बरोबर आहे. म्हणून दूध सोडा असे इथे कोणी म्हणत नाही. कॅल्शियम आणि चांगली प्रथिने इतक्या स्वस्तात देणारे दुसरे काही आपल्या ताटात सहज सापडत नाही. पण मर्यादा आखलेली आहे आणि ती मोडलेली मोजलीही आहे. एफएसएसएआयच्या २०१८च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले. ज्या भेसळीच्या नावाने आपण रोज शिमगा करतो, तिच्यामुळे असुरक्षित ठरलेले नमुने निघाले १२. एम१ची मर्यादा, किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, ओलांडलेले निघाले ३६८, म्हणजे ५.७ टक्के, आणि सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात हे प्रमाण जास्त होते. युरोपची मर्यादा तर आपल्या दहाव्या हिश्शाची आहे. म्हणजे कट्ट्यावरचा पेला ‘जिवंत’ म्हणून सुटत नाही आणि पिशवी यंत्रातून आली म्हणूनही सुटत नाही. (धारोष्ण दुधाला ब्रुसेलाच्या जंतूंचा वेगळा प्रश्न आहे, तो मात्र उकळीने मिटतो.) आणि पेला-दोन पेले दुधावर वाढणाऱ्या पोराच्या वजनाच्या हिशेबात दशांश ताकदही अगदी नगण्य राहत नाही.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सगळ्यात खरा: ‘दर मिळतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागावर. चांगली पेंड महाग, बुरसटलेली फेकली तर नुकसान माझे. मी का फेकू?’ त्याला स्वच्छतेचे व्याख्यान देणे हा उद्धटपणा आहे. ज्या शहरात एका अक्षरासाठी लिटरमागे जादा पैसे मोजणारे गिऱ्हाईक तयार आहे, तिथे प्रश्न पैशाचा नाही, तो कोणत्या रेणूसाठी मोजायचा याचा आहे. एम१ ओळखणाऱ्या झटपट पट्ट्या उपलब्ध आहेत. संकलन केंद्रावर कॅन रिकामा करताना महिन्यातून काही वेळा ती पट्टी बुडवावी, स्वच्छ निघालेल्या दुधाला लिटरमागे चार आणे-आठ आणे जादा लावावेत, आणि पेंड विकणाऱ्याकडून पोत्यामागे ओलाव्याची हमी घ्यावी. गोठ्यात तर यंत्राचीही गरज नाही: जमिनीपासून वीतभर उंच फळी, भिंतीपासून हातभर अंतर, आणि मृगाच्या आधी आणलेले पोते श्रावण लागण्यापूर्वी संपवायचे. फॅट आणि एसएनएफ लिहिणाऱ्या वहीत आणखी एका रकान्यापुरती जागा समासात निघते.