पथ्य सांगितले, खर्च कोणाचा?

पहिलटकरणीला सहावा संपून सातवा लागत असतो, घरात डोहाळजेवणाचा बेत ठरत असतो, आणि नेमक्या त्याच सुमारास तिच्या हाती रक्ततपासणीचा कागद पडतो. गर्भारपणाचे २४ ते २८ आठवडे हाच गर्भकालीन मधुमेह प्रामुख्याने उघडकीस येण्याचा काळ. कालपर्यंत जिला ‘दोन जिवांची आहेस, पोटभर खा’ असा आग्रह होत होता, तिलाच ‘गोडावर ताबा ठेवला नाहीस’ असे ऐकावे लागते. दोन्ही वाक्ये एकाच तोंडची, आणि बहुधा मायेपोटीच उच्चारलेली असतात. पण पहिल्याच खेपेला भेदरलेल्या मुलीच्या मनात त्यांतले दुसरेच घर करून राहते.

वस्तुतः या व्याधीत गर्भवतीचा अपराध शोधणे अशास्त्रीय आहे. वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतात, आणि हे प्रत्येक गर्भवतीच्या बाबतीत घडते. बहुतेकींचे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन निर्माण करून तोल सांभाळते. काहींच्या स्वादुपिंडाला ते झेपत नाही. वय, वजन आणि घराण्यातील मधुमेह यांचा त्यात वाटा असतो. हौसेने खाल्लेल्या चार पेढ्यांनी हा विकार ओढवत नाही. दुर्लक्ष झाले तर मूल प्रमाणाबाहेर वाढणे, प्रसूती अवघड होणे, जन्मल्यावर अर्भकाची साखर एकाएकी घसरणे असे धोके संभवतात. उलट, वेळीच लक्ष दिले तर बहुसंख्य स्त्रियांना आहार आणि चालणे एवढ्यावरच निभावून नेता येते. हा दिलासा निदानाच्याच दिवशी, आणि तोही सासूच्या देखत, दिला गेला पाहिजे.

निदानाच्या बाबतीत शासनाने शहाणपण दाखवले आहे, हे मान्य करावयास हवे. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आग्रहाने मांडलेली सुटसुटीत पद्धत स्वीकारली. गर्भवती जेवून आलेली असो वा उपाशी, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावयाचे आणि दोन तासांनी रक्त तपासावयाचे. साखर डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक भरली की गर्भकालीन मधुमेह समजावयाचा. या पद्धतीत काही रुग्ण निसटतात, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ‘उद्या उपाशीपोटी या’ असे सांगितलेली मजूर स्त्री दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडवून परत येईलच, याची शाश्वती कोणी द्यावी? गरिबाच्या वेळेलाही मोल असते, हे ओळखून बेतलेल्या सरकारी योजना विरळाच.

खरी अडचण त्यापुढे सुरू होते. उपचाराचा पहिला टप्पा दोन आठवड्यांच्या पथ्याचा असतो. जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत आली नाही, तरच गोळ्या वा इन्शुलिन. म्हणजे येथे आहार हेच पहिले औषध. फरक इतकाच, की गोळी सरकारी दवाखान्यातून मिळू शकते, हे औषध मात्र वाण्याकडून आणि मंडईतूनच आणावे लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्यक्रमातील कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. गर्भवतीला तर सांगितलेले असते की भात कमी करा. डाळ, मोडाची उसळ, पालेभाजी, अंडी वाढवा. जे फुकट ते आवरावयाचे, आणि जे विहित ते बाजारभावाने घ्यावयाचे! अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो, हे खरे. पण तो कुपोषण डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला आहे, मधुमेह नव्हे.

घरच्या घरी साखर मोजण्याचा हिशेबही मांडून पाहण्याजोगा आहे. एक पट्टी १५ रुपयांची धरली आणि दिवसातून चार वेळा तपासावे लागले, तर रोजचे ६० रुपये होतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून पूर्ण दिवस भरेपर्यंत ८४ दिवस; खर्च ५,०४० रुपये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारी रक्कम ५,००० रुपयांची आहे. ती सगळी बोटे टोचण्यातच संपली, तर डाळ कशाने घ्यावयाची?

पैशाइतकाच प्रश्न चुलीवरच्या अधिकाराचा. एकत्र कुटुंबात सून वाढते आणि शेवटी जेवते. तिला ठरल्या वेळी, थोडे थोडे, निराळे खावयास सांगणे म्हणजे घराचा क्रमच मोडणे होय. जेवणानंतर चालावे, असे डॉक्टर सांगतात; जेवणानंतर भांडी असतात. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. शेतमजूर वा घरकाम करणारीला ती कोण देणार?

लाभ ज्या घराचा, त्यानेच खर्च सोसावा, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो अपुरा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ मध्ये जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की तेथील अर्भकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील अर्भकांचे ३.५ किलो; तरीही चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. पुढील पाठपुराव्यात, गर्भात वाढ खुंटलेल्या मुलांची साखर तरुणपणी बिघडण्याचा संभव अधिक दिसला. आज ज्या मुलीचे पोषण हुकले, तीच उद्या दवाखान्याच्या बाकावर ग्लुकोजचा पेला घेऊन बसणार. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे हे देणे एका सुनेच्या ताटावर टाकता येत नाही.

प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते आणि सगळे निश्चिंत होतात. परंतु पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह जडण्याचा धोका अशा स्त्रीला अधिक असतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितलेली आहे. तेव्हा ती माहेरी असते, डिंकाचे लाडू खात असते, आणि तिचे कागद सासरच्या दवाखान्यात पडलेले असतात. त्याच सहाव्या आठवड्यात बाळाला पोलिओचा डोस आणि पेंटाव्हॅलंट लस देण्यासाठी मात्र तिला न चुकता नेले जाते. परिचारिका तेथे असते, बाळंतीणही तेथेच असते. लसीच्या त्याच फेरीत आईच्याही रक्ताची तपासणी करण्यास फार मोठी तरतूद लागणार नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज, एक पेला पाणी आणि दोन तास बसावयास बाक एवढे पुरेल.