बायोडाटातले आकडे

मैत्रिणींनो, मालवणहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. गेली नऊ वर्षे त्या एका काजू कारखान्याच्या कचेरीत माणसांचं सगळं बघतात: भरती, हजेरी, रजा, पगार, तक्रारी. हुद्दा मात्र क्लार्कचा. आता कुडाळच्या एका हॉटेलात 'एच. आर.'ची जागा निघाली आहे. सासूबाई म्हणतात, कारकुनी ती कारकुनी. बाईंनाही तसंच वाटतं. "मी काय मोठा केलंय? हजेरी मांडलंय नि पगार वाटलंय!" बायोडाटाचा मसुदाही धाडलाय. त्यात आहे काय, तर कष्टाळू, मनमिळाऊ, जबाबदार.

अहो ताई, सुरमई घेताना मासेवालीच्या 'ताजी आहे'वर आपण थांबतो का? कल्ले उघडून लाल आहेत का ते बघतो. नोकरी देणाराही तेच बघणार.

आणि तुमच्या पत्रातच सोन्यासारखी गोष्ट दडली आहे. पूर्वी भातलावणीत आणि चतुर्थीच्या आठवड्यात साठांपैकी जेमतेम पंचवीस बायका कामाला येत. तुम्ही मे महिन्यातच एकेकीला विचारून पाळीपाळीने रजांचा तक्ता केलात, आता चाळीस येतात. मग लिहा ना तसं: 'कामगार ६०. लावणी व चतुर्थीच्या दिवसांतील हजेरी २५ वरून ४० वर. उपाय, आगाऊ रजातक्ता.' आधी किती, नंतर किती, आणि तुम्ही काय केलंत, एवढं आलं की पुरे. विशेषणं खुशाल खोडा.

गळतीचा हिशेब सोपा आहे. वर्षात काम सोडून गेलेल्यांना सरासरी कामगारसंख्येने भागायचं नि शंभराने गुणायचं. साठातल्या १५ गेल्या तर २५ टक्के, पुढल्या वर्षी ९ गेल्या तर १५. पण कचेरीत चौघंच असतील आणि दोघं गेली, तर '५० टक्के' लिहून धुरळा उडवू नका, सरळ 'चारपैकी दोन' म्हणा. मालकांनी बोनस वाढवला म्हणूनही बायका टिकल्या असतील, तर तेही सांगावं. सगळं श्रेय आपल्या पदरात घेतलेलं मुलाखतीत लगेच उघडं पडतं.

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते. तुम्ही तिच्यावर असाल तर किती सभा झाल्या, किती जणींना माहिती दिलीत, हे जरूर लिहा. तक्रारींचा तपशील मात्र नको, तो कायद्यानेच गुप्त आहे. कुणाचे पगारही लिहू नयेत.

हुद्दा 'क्लार्क' असाच ठेवा. मॅनेजर लिहायचा मोह होईल, पण चौकशी झाली की फजिती. हुद्द्याखालीच 'कामगार विभागाचे संपूर्ण काम' अशी ओळ येऊ द्या. मजकूर दोन पानांत बसवा. प्रत्येक आकडा कुठून आला ते एका वहीत टिपून ठेवा आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री ती वही एकदा चाळा. "पंचवीसचे चाळीस कसे केलेत?" असं विचारतीलच.