हप्ता कोणाचा?

मी सरकारी कारकून. एक-चौदाचे उतारे रोज हाताखालून जातात. परवा एक म्हातारा आला. तोंडी बोलीवर दुसऱ्याचं शेत वर्षानुवर्षं कसतोय. ‘बाब, म्हजें नांव खंय?’

२०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात, पण ज्याच्या नावावर जमीन त्यालाच! मालक मुंबईत राहिला तरी चालतो. चिखलात उतरणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

१९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने याच गोव्यात कुळाला मालक ठरवलं होतं. ते तत्त्व कुठे गेलं? कसणाऱ्यांची नोंद पंचायतीत करा, हप्ता त्यांना द्या. उतारा पेरणी करत नाही, हे कारकुनाने सांगायला हवं का?