‘घरीच असते’ हे उत्तर आता बंद करा

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कोणत्याही गावात ‘घरची बाई काय करते?’ असं विचारा. ‘काही नाही, घरीच असते,’ हे उत्तर ठरलेलं. अर्ज भरणारा ‘गृहिणी’ लिहून मोकळा होतो. मग याच कागदांच्या आधारे जाणती माणसं सांगतात की इकडच्या बायकांच्या हाताला काम नाही. हे साफ खोटं आहे.

मार्च-एप्रिलमध्ये झुंजुमुंजू व्हायच्या आत मोहफुलं वेचणारी, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी, पावसाळ्यात धानाच्या बांधीतल्या चिखलात वाकून रोवणी करणारी, दिवाळीच्या आगेमागे धान कापणारी आणि मग मिरची तोडायला थेट तेलंगणात जाणारी बाई बहुतेक वेळा एकच असते. चंद्रपूर शहराच्या कडेला, दुर्गापूर-तुकूमच्या बाजूला, तिचीच बहीण चार घरची धुणीभांडी करते, डबे करून देते, नाहीतर बांधकामावर विटा वाहते. यातलं कोणतं काम ‘काही नाही’ म्हणायचं?

पहिला आक्षेप असा की ही कामं हंगामी आहेत, त्यांना व्यवसाय कसं म्हणायचं? 2011च्या जनगणनेत वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम करणाऱ्याला सीमांत कामगार धरलं. पण शेतीही हंगामीच असते, तरी नवऱ्याच्या नावापुढे बारा महिने ‘शेतकरी’ लिहिलेलं असतं. त्याच बांधीत तिनं धानाचे पऱ्हे लावले तर ती ‘मदत’ ठरते. आणि तिचे सगळे हंगाम एकापुढे एक मांडून पाहा, वर्षात रिकामे महिने फारसे उरत नाहीत. हंगाम बदलतो, काम थांबत नाही.

दुसरा आक्षेप म्हणतो, हे अंगमेहनतीचं काम, याला कसब कुठे लागतं? असं म्हणणाऱ्यानं मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी ओसरीवर जाऊन बसावं. पहाटेपासून तोडून आणलेल्या तेंदूपानांच्या ढिगातून ती कोवळं, जून, भोक पडलेलं पान बाजूला काढते. बोटांनीच मोजत 70 पानांचा पुडा बांधते आणि सांजेला तो फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागेवर, मांडते. असे 1,000 पुडे झाले की एक प्रमाण गोणी. पान जून निघालं तर पुडा नाकारला जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. कोणतं पान विडीला चालेल हे तिला डोळ्यांनीच कळतं.

त्याहून ठळक दाखला गडचिरोलीतलाच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं, हे सारं कमी शिकलेल्या बायकांनी केलं. 39 गावांत नवजात मृत्युदर तीन वर्षांत 62 टक्क्यांनी उतरला. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी हा देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या कामाचा भाग झाला. एवढं काम करणाऱ्या आशाला सरकार आजही कर्मचारी मानत नाही, स्वयंसेविका मानतं. पगार नाही, ठरलेला मोबदला. हा अन्याय आहे आणि तो सोयीसाठी चालू ठेवलेला आहे.

तिसरं म्हणणं, कारखाने आले की बायकांना खरं काम मिळेल. कोळसा तर इथे कधीचाच निघतो आहे! पण भूमिगत खाणीत काम करायला बाईला 2019पर्यंत कायद्यानंच मनाई होती. नव्या नोकऱ्या जरूर याव्यात. पण त्या येईपर्यंत आज चाललेलं काम शून्य धरायचं, हे मान्य नाही.

शेवटचा प्रश्न खरा कळीचा आहे. नोंद करून मिळणार काय? जानेवारी 2024मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायका बुडाल्या. मे 2025मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडताना तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी मदत जाहीर होते आणि ‘जंगलात एकटं जाऊ नका’ असा सल्ला मिळतो. पण जंगल ही तिची कामाची जागा आहे आणि नदी हा कामावर जायचा रस्ता आहे, हे एकदा मान्य केलं की सुरक्षित नावेची, तोडणीच्या दिवसांतल्या पहाऱ्याची, विम्याची जबाबदारी ठेकेदारावर आणि शासनावर येते. ती टाळायची असेल तर बाई ‘घरीच’ असलेली बरी.

वनहक्क कायद्यानं 2006 सालीच वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायला सांगितलं. म्हणजे कायद्याला ती दिसते. आता फळीवरची मजुरीही तिच्याच नावावर चढली पाहिजे आणि तिच्याच खात्यात गेली पाहिजे.

फेब्रुवारी 2027मध्ये जनगणनेचे प्रगणक दारात येतील. त्यांनी कामाचा प्रश्न कुटुंबप्रमुखाला न विचारता तिला विचारावा, आणि कोणत्या महिन्यात ती काय करते असा विचारावा. आणि वाचकहो, तुमच्या घरी ते आले तर ‘घरीच असते’ म्हणू नका. तिला पुढे बोलवा, तिचं काम तिलाच सांगू द्या.