इमारत पाडली, जागा मोकळी झाली. पण लाईट परत येणार कधी?

पावसाळा जवळ आला की महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या लावतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची इमारत. रहिवासी निघत नसतील तर पाणी आणि वीज तोडली जाते. भेंडी बाजार, मुंब्रा, भिवंडीतल्या आपल्या लोकांना हे नवीन नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजार परिसरातली हुसैनी इमारत कोसळून ३३ जीव गेले. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीची जिलानी इमारत पहाटेच्या झोपेत लोकांवर पडली. म्हणून धोकादायक इमारतीची वीज तोडू नका, असं आम्ही अजिबात म्हणणार नाही.

आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. इमारत पाडली, राडारोडा उचलला, जागा मोकळी झाली. त्यानंतर तिथे वीज परत आणायची कोणी, आणि कोणाच्या नावावर? घाईघाईत घर सोडताना मीटरकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार मालकाने किंवा भोगवटादाराने, म्हणजे जागा प्रत्यक्ष ताब्यात असलेल्याने, रीतसर अर्ज केला की एका महिन्यात वीज देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे. टाळाटाळ केली तर दिवसाला १००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याच कायद्यात ‘जागा’ या शब्दात नुसती जमीनही येते. त्यामुळे ‘इथे इमारतच नाही, तर अर्ज कसला?’ हे उत्तर चालत नाही. २०२४ मध्ये केंद्राने नव्या जोडणीची मुदत आणखी कमी केली: महानगरांत ३ दिवस, इतर पालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस. मात्र नवी लाईन टाकावी लागली तर जास्त वेळ लागतो.

भाडेकरूंसाठी दोन निकाल महत्त्वाचे आहेत. पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं. आणि घरमालक ना-हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूची वीज नाकारता येत नाही, हे याच न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

पण दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान खटल्यात म्हटलं की नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या ग्राहकाची थकबाकी त्या जागेच्या नव्या मालकाकडून मागता येते. म्हणजे इमारत जमीनदोस्त झाली तरी बिल बुडत नाही. चार जणांनी बिलं थकवली असतील तर नव्या जोडणीच्या वेळी सगळी सोसायटी अडकू शकते. मग बिल्डर म्हणतो रहिवाशांनी भरा, रहिवासी म्हणतात बिल्डरने भरा, आणि काम पडून राहतं.

म्हणूनच आम्हाला वाटतं, वीज परत आणण्याची तयारी इमारत पाडायच्या आधी व्हायला हवी. घर रिकामं करताना शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा. अंतिम बिल भरा, मीटर कायमचा बंद केल्याची लेखी पोच घ्या आणि सुरक्षा ठेव परत मागा. जुनी बिलं जपून ठेवा. वीजबिल मालकी सिद्ध करत नाही, पण तुम्ही तिथे राहत होता याचा तो चांगला पुरावा आहे. मीटर मरहूम वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसांनी नाव बदलून घेणं आत्ताच उरकावं.

बिल्डरशी करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या: जुनी थकबाकी कोण भरणार, बांधकामासाठीची तात्पुरती जोडणी कोणाच्या नावावर आणि कोणाच्या खर्चाने, आणि ट्रान्सफॉर्मरसाठी जागा कुठे सोडली आहे. तात्पुरत्या जोडणीची वीज महाग पडते. मोठ्या इमारतीत ट्रान्सफॉर्मरची जागाच सोडली नसेल तर फ्लॅट तयार होऊनही मीटर मिळत नाही, आणि कुटुंबं भाड्याच्या घरातच अडकून राहतात.

अर्ज अडला तर दलालाला पैसे देऊ नका. लेखी नकार मागा. कंपनीकडे तक्रार करा, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. मुंबईत बेस्ट असो, भिवंडी-मुंब्र्यात टोरंट असो की बाकी राज्यात महावितरण, हा मार्ग सगळीकडे खुला आहे आणि त्यासाठी वकील लागतोच असं नाही.

पालिकांकडेही आमची एक मागणी आहे. वीज तोडण्याचं पत्र कंपनीला जातं, त्याच दिवशी प्रत्येक रहिवाशाच्या मीटरची नोंद त्याच्या हातात द्या. एका कागदाचं काम आहे, पण पुढची कित्येक वर्षांची पायपीट वाचेल. आणि मोहल्ला कमिट्यांनी यंदाची यादी येण्याची वाट पाहू नये. जुन्या इमारतींतल्या लोकांना एकत्र बसवून कागद तपासायला आत्ताच सुरुवात करावी.