पाइपलाइन तीच, परवानगीही तीच?

जुन्या सोयीला नवे रूप देण्याची कल्पना जामनेरकरांना अपरिचित नाही. पाचोरा-जामनेर ही सुमारे शंभर वर्षांची नॅरोगेज गाडी, लोकांच्या तोंडची 'पीजे', २०२० मध्ये थांबली. त्याच मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून तो बोदवडपर्यंत नेण्याचे ठरले. तेथे रुळांखालची जमीन रेल्वेचीच होती, त्यामुळे रुळांवरून कोणती गाडी धावावी, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारण्याचे कारण नव्हते. मात्र जेथे जमीन शेतकऱ्याची आणि तिच्या पोटातील नळ तेलकंपनीचा असतो, तेथे रूपांतराचा मार्ग इतका सरळ राहत नाही. मुंबईहून मनमाडमार्गे इंदूरजवळच्या मांगलियाकडे जाणारी भारत पेट्रोलियमची पाइपलाइन खानदेशातील धुळे जिल्ह्यातूनच गेलेली आहे. उद्या अशा नळांतून पेट्रोल-डिझेलऐवजी स्वच्छ इंधन वाहू लागले, तर कायदा काय म्हणतो?

हा प्रश्न आज दूरचा वाटला, तरी तो दाराशी आला आहे. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल भारत आयात करतो. ऊर्जेतील ही परावलंबिता संपविणे हे राष्ट्रकर्तव्यच होय. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्याआधी २०२२ च्या जानेवारीत गेलने इंदूरच्या शहरी गॅसजाळ्यात हायड्रोजन मिसळण्यास प्रारंभ केला होता. २०२३ मध्ये एनटीपीसीने सुरतजवळ कवास येथे तसाच प्रयोग केला. नवे नळ टाकण्यापेक्षा असलेल्या नळांचा उपयोग करणे देशाच्या पैशाची बचत करणारे आहे. त्यास कोणाही देशभक्ताचा विरोध असण्याचे कारण नाही.

परंतु हे नळ ज्या कायद्याखाली टाकले जातात, तो १९६२ चा पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायदा डोळसपणे वाचला पाहिजे. या कायद्यान्वये सरकार शेतकऱ्याची जमीन घेत नाही, केवळ 'वापराचा हक्क' घेते. मालकी शेतकऱ्याकडे राहते आणि नांगरटही त्यालाच करता येते. मात्र त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. पिकाची व इतर प्रत्यक्ष हानी भरून दिली जाते. या कायमच्या बंधनाचे मोल मात्र कायद्याने जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के ठरविले आहे, तेही अधिसूचनेच्या दिवशीच्या भावाने. २०२४ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने वीजवाहिन्यांच्या तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदल्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. जमिनीवरून जाणाऱ्या तारेस एक न्याय आणि जमिनीतून जाणाऱ्या नळास दुसरा, हे कोणत्या तर्कात बसते?

यापुढचा मुद्दा अधिक मूलभूत आहे. हा हक्क पेट्रोलियम आणि खनिजे यांच्या वाहतुकीसाठी घेतलेला आहे. पेट्रोलियमची कायदेशीर व्याख्या हायड्रोकार्बनवर उभी आहे, आणि नैसर्गिक वायूचा तीत समावेश आहे. पाण्यापासून बनविलेल्या हायड्रोजनमध्ये मात्र कार्बन औषधालाही नाही, आणि तो खनिजही नव्हे. वायूत थोडा हायड्रोजन मिसळला, तर काही मार्ग काढता येईल. शुद्ध हायड्रोजन वाहू लागला, तर मात्र मूळ हक्काच्या कक्षेतच शंका उभी राहते. शिवाय हायड्रोजनमुळे काही प्रकारचे पोलाद ठिसूळ होते. म्हणून धोक्याचे मोजमापही नव्याने व्हावयास हवे.

अशा संदिग्धतेचे फळ काय असते, हे देशाने अनुभवले आहे. नैसर्गिक वायूवर कायदा कोणी करावयाचा, या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये निर्णय दिला आणि गुजरातचा २००१ चा गॅस कायदा रद्दबातल ठरविला. नैसर्गिक वायू संघसूचीतील ५३ व्या नोंदीत येतो, असे न्यायालयाने ठरविले. त्याच नोंदीत संसदेला एखादा पदार्थ 'धोकादायक ज्वालाग्राही' घोषित करण्याचा अधिकार आहे. याचा अर्थ, हायड्रोजनबाबत वाद न्यायालयात जाण्याची वाट न पाहता संसद आजच निःसंदिग्ध कायदा करू शकते.

जर्मनीने ते केले आहे. २०२१ मध्ये तेथील ऊर्जा कायद्यात दुरुस्ती होऊन गॅसवाहिन्यांसाठी मिळालेले जमिनीचे हक्क हायड्रोजनलाही लागू करण्यात आले. २०२४ मध्ये सुमारे ९,००० किलोमीटरच्या हायड्रोजन जाळ्यास संमती मिळाली, त्यातील निम्म्याहून अधिक नळ जुनेच आहेत. तेथील निःसंदिग्धता अवश्य घ्यावी. तथापि आपल्याकडे दोन-चार एकरांचा धनी असलेल्या शेतकऱ्याला गृहीत धरून चालणार नाही.

'खड्डा तोच, नळ तोच, मग नवा मोबदला कशाला?' असा युक्तिवाद पुढे येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामासाठी आपोआप वापरणे, हे आपल्या न्यायबुद्धीला मानवणारे नाही. प्रत्येक शेतकऱ्याशी नव्याने करार करीत बसल्यास राष्ट्रीय प्रकल्प रखडतील, हेही खरे. म्हणून कायद्यानेच हक्क नव्या इंधनाकडे वळवावा. मात्र त्यासोबत पूर्वसूचना, सुरक्षेचा जाहीर अहवाल, वाढीव मोबदला आणि निकामी नळ काढून जमीन पूर्ववत करण्याचे बंधन, या चार गोष्टी अनिवार्य कराव्यात. तेलक्षेत्रांच्या पुनःस्थापनेसाठी १९९९ पासून स्वतंत्र निधीची योजना आहे. तशीच तरतूद शेतातील नळासाठी का नसावी?

जामनेरच्या काळ्या मातीतील शेतकरी या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकालाही उभा आहे. केळीचे खांब आणि कपाशीच्या पऱ्हाट्या हा जैववायूचा कच्चा माल आहे. शहरी गॅसमध्ये २०२५-२६ पासून १ टक्का जैववायू मिसळण्याचे बंधन असून ते २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर न्यावयाचे आहे. ज्याच्या शेतातून इंधन निघावयाचे आणि ज्याच्या शेतातून ते वाहावयाचे, त्याला या संक्रमणात केवळ वाटेतला अडथळा मानणे हे पं. दीनदयाळ उपाध्यायांच्या अंत्योदयाच्या विचाराशी विसंगत ठरेल.

खानदेशच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा. गावोगावच्या कार्यकर्त्यांनीही, जेथे पाइपलाइन गेली आहे, तेथील सातबाऱ्यातील 'इतर हक्क' रकाना शेतकऱ्यांसोबत बसून वाचावा. कोणता हक्क, कोणासाठी आणि कशासाठी दिला, हे शेतकऱ्याला ठाऊक असेल, तरच उद्या तो वाढीव हक्क मागू शकेल, आणि देशासाठी तो आनंदाने देऊही शकेल.