पाण्याचं लोखंडाशी वैर नाही!

तुम्ही जिमवाले की पोहणारे? आमच्या ऑफिसात हा प्रश्न पक्ष विचारल्यासारखा विचारतात. जिममधला ट्रेनर छातीठोकपणे सांगतो, "पोहू नकोस, केलेला सगळा मसल जाईल." तरणतलावावरचे काका त्याहून खात्रीने सांगतात, "वजनं उचललीस की अंग आखडतं, मग हात फिरत नाहीत." दोघांचाही आत्मविश्वास दांडगा. आणि दोघंही साफ चूक!

आधी ट्रेनरसाहेब. कार्डिओने ताकद मारली जाते, हे ब्रह्मवाक्य आलं कुठून? रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाने दहा आठवडे दोन्ही केलं: आठवड्याचे पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमछाक करणारं धावणं-सायकलिंग. तरीही पहिले सहा-सात आठवडे ताकद वाढतच होती. मग ती अडली आणि शेवटी थोडी उतरली. आता मला सांगा, आठवड्याला अकरा सेशन्स मारणारा आयटीवाला कुणी पाहिलाय? ज्या लोडवर ही टेस्ट झाली तो आपल्या सर्व्हरवर कधी येतच नाही, आणि आपण मात्र सिस्टिम झोपेल म्हणून घाबरतोय!

आता काका. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. पोहण्यात भारताला तब्बल २४ वर्षांनी मिळालेलं एशियाड पदक. २०१८ ला जकार्तात ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचं ब्राँझ हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. इतक्या छोट्या शर्यतीत ब्लॉकवरून मारलेली उडी निर्णायक, आणि ती उडी पायांच्या ताकदीवर. म्हणून तर जगभरचे स्प्रिंट पोहणारे वजनं उचलतात. त्यांचे हात फिरतात की व्यवस्थित!

शिवाय नुसतं पोहून भागत नाही. पाण्यात आपलं वजन पाणी पेलतं. दुखऱ्या गुडघ्यांना ते बरं, पण हाडांना भारच पडत नाही, आणि हाडं भाराने मजबूत होतात. उलट नुसती वजनं उचलणाऱ्याला दोन जिने चढल्यावर धाप लागते, हेही रोज बघतो.

मी राहतो मानकोलीला. इथे मुंबई-नाशिक महामार्गाच्या आजूबाजूला गोदामंच गोदामं. तिथले हमाल दिवसभर माल चढवतात-उतरवतात, त्यांना व्यायाम शिकवायला कुणी जाऊ नये. पण तो माल मोजणारं सॉफ्टवेअर लिहिणारे आपण? नऊ तास खुर्चीत, वर ट्रॅफिकमध्ये पुन्हा बसूनच. असल्या माणसाला "एकच काहीतरी निवड" असं सांगणं हा सल्ला नाही, नुकसान आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना बघा: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, *आणि* किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. "किंवा" नाही, "आणि". कंडिशन नीट वाचायची सवय आपल्याला असायला हवी ना?

गणित सोपं आहे. सोमवारी आणि शुक्रवारी वजनं: स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, थोडं प्रेस. बुधवारी आणि रविवारी ४० मिनिटं दमदार पोहणं, म्हणजे ८० मिनिटं झाली. रोइंग वगळू नका. पोहताना हात सतत पुढून ओढतात, पाठीमागचे स्नायू दुबळे राहिले की खांदा कुरकुरतो. आणि खांद्यांना दमवून लगेच पाण्यात उतरू नका, स्ट्रोक बिघडतो. बस्स, एवढंच पथ्य.

मोठागावचा पूल २०२४ मध्ये खुला झाल्यापासून डोंबिवली हाकेच्या अंतरावर आली, म्हणून माझं रविवारचं पोहणं तिकडे. तुमचा तलाव तुम्ही शोधा. ट्रेनरला वर्षाचं पॅकेज विकायचंय, काकांना आपली लेन रिकामी हवीय. आठवडा मात्र तुमचा आहे, आणि चाळिशीत पाठ दुखेल तीही तुमचीच.